बोट दाखवल्यानंतर

कुत्र्यांच्या प्रदर्शनात निकाल पुकारत नाहीत, बोटाने दाखवतात. परीक्षक रिंगणाच्या मध्यावर उभा राहतो, ओळीतल्या कुत्र्यांवरून शेवटची नजर फिरवतो, दोन पावलं पुढे येतो आणि एकाकडे बोट करतो. त्या कुत्र्याचा मालक खाली वाकून त्याला कवटाळतो, बाकीचे टाळ्या वाजवतात. कुणी मनापासून, कुणी रीत म्हणून. या खेळाचे नियम ज्या देशात घडले त्या ब्रिटनमध्ये कुत्रा चांगला की नाही, हा प्रश्न त्या बोटाबरोबर संपत असे. मार्च २०१२ मध्ये बर्मिंगहॅमच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात ही रीत मोडली. पंधरा जातींच्या विजेत्या कुत्र्यांना रिंगणातून पशुवैद्यासमोर नेण्यात आलं. पशुवैद्याकडे तपासणीची उपकरणं नव्हती, खिशातली एक छोटी टॉर्च तेवढी होती. त्याने डोळे पाहिले, श्वास ऐकला, कातडीच्या वळ्या उलगडून बघितल्या, कुत्र्याला चालवून पाहिलं. पंधरापैकी सहा कुत्री नापास झाली: बुलडॉग, पेकिनीज, मॅस्टिफ, निओपॉलिटन मॅस्टिफ, बॅसेट हाउंड आणि क्लम्बर स्पॅनिअल. परीक्षकाने दिलेला ‘बेस्ट ऑफ ब्रीड’ हा किताब कायम झाला नाही, आणि पुढच्या फेरीत त्या जातींची जागा रिकामी राहिली.

इंग्रजीत कोर्टात बसणारा आणि रिंगणात उभा राहणारा अशा दोघांनाही ‘जज’च म्हणतात, आणि आपल्याकडच्या डॉग शोमध्येही तोच शब्द रुळला आहे. मराठीत मात्र न्यायाधीश वेगळा आणि परीक्षक वेगळा. न्यायाधीश दोन पक्षकारांमधला वाद मिटवतो. परीक्षक समोरची वस्तू पारखतो. माझं म्हणणं असं की डॉग शोमधला जज दीडशे वर्षं मुख्यतः न्यायाधीश होता. वाद मालकामालकांत असायचा आणि कुत्रा हा त्या वादातला ऐवज. आता कुठे तो खऱ्या अर्थाने परीक्षक होऊ लागला आहे. या खेळात गेल्या काही दशकांत पुष्कळ काही बदललं. टीव्ही आला, परदेशी कुत्री आली, मोबाइल आले. पण प्रदर्शनात उतरणाऱ्यांना जी अस्वस्थता जाणवते तिचं मूळ या एका बदलात आहे, आणि तो बदल उशिरा आलेला असला तरी योग्य आहे.

जुनी व्यवस्था कशी होती ते आधी पाहायला हवं. २८ आणि २९ जून १८५९ रोजी न्यूकॅसल-अपॉन-टाइनच्या टाउन हॉलमध्ये भरलेलं प्रदर्शन हा पहिला रीतसर डॉग शो मानला जातो. त्यात फक्त दोन शिकारी जाती होत्या, पॉइंटर आणि सेटर, कुत्री साठ, बक्षीस म्हणून स्थानिक बंदूक-कारखानदाराने दिलेल्या बंदुका. पॉइंटरमध्ये जो कुत्रा पहिला आला त्याचा मालक सेटरच्या परीक्षकांपैकी एक होता, आणि सेटरमध्ये जो पहिला आला त्याचा मालक पॉइंटरच्या परीक्षकांपैकी. म्हणजे स्वतःच्या कुत्र्याला कुणीच बक्षीस दिलं नव्हतं! या खेळाचा पहिला दिवसच असा उजाडल्यामुळे पुढच्या शंभर वर्षांची चिंताही ठरून गेली: जज प्रामाणिक आहे का? ४ एप्रिल १८७३ रोजी एस. ई. शर्ली या खासदाराच्या पुढाकाराने लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी चार हजारांहून अधिक कुत्र्यांची नोंद असलेली वंशावळीची वही छापली गेली. एकाच नावाची ढीगभर कुत्री, एकाच्या जागी दुसरा उभा करणं, वय लपवणं, असे प्रकार तोवर सर्रास चालत. क्लबने केलेले नियम पाहा, त्यांतले बहुतेक माणसांवरच्या अविश्वासातून आलेले आहेत. चॅम्पियन व्हायचं तर तीन चॅलेंज सर्टिफिकेटं हवीत आणि ती तीन वेगवेगळ्या परीक्षकांनी दिलेली हवीत. ज्याने कुत्रा नुकताच पाळला, पैदा केला किंवा रिंगणात धरला त्याने त्याचा निकाल लावायचा नाही. केसांत रंग-रूप बदलणारं काही घालायचं नाही. हे सगळं चांगलंच होतं, पण यातला प्रत्येक नियम एका मालकाचं दुसऱ्यापासून रक्षण करत होता. कुत्र्याचं रक्षण करणारे नियम अगदीच नव्हते असं नाही. कान कापलेली कुत्री रिंगणात आणायला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंदी झाली. पण असे नियम हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच.

मालकांचा अनुभवही त्या वेळी वेगळाच होता. प्रदर्शनं काही दिवस चालायची आणि कुत्री लाकडी बाकांवर साखळीने बांधून ठेवलेली असायची, कारण तिकीट काढून आलेल्या लोकांना ती बघायची असत. दाटीमुळे डिस्टेंपरची साथ पसरे, आणि बक्षीस घेऊन घरी परतलेला कुत्रा आठवड्याभरात दगावणं ही नवलाची गोष्ट नव्हती. चार्ल्स क्रफ्ट हा कुत्र्यांची बिस्किटं विकणाऱ्या स्प्रॅट कंपनीचा माणूस. त्याने १८८६ मध्ये टेरिअर जातींचं प्रदर्शन भरवलं आणि १८९१ मध्ये इझ्लिंग्टनच्या अॅग्रिकल्चरल हॉलमध्ये स्वतःच्या नावाचा शो सुरू केला. व्हिक्टोरिया राणीने त्यात आपली कुत्री उतरवली, आणि शिकाऱ्यांचा छंद मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. बायका पहिल्यापासून यात होत्या: पैदास करत होत्या, रिंगणात उतरत होत्या, परीक्षणही करत होत्या. केनेल क्लबचं पूर्ण सभासदत्व मात्र त्यांना १९७९ मध्ये मिळालं, तेही फ्लॉरेन्स नेगल या बाईंनी म्हातारपणी भांडून मिळवलं तेव्हा.

आता मूळ मुद्द्याकडे. परीक्षक कशाच्या आधारावर बोट करतो? प्रत्येक जातीचं एक लेखी वर्णन असतं, त्याला ब्रीड स्टँडर्ड म्हणतात: डोकं कसं, कान कुठे, शेपूट कशी, चाल कशी. सुरुवातीच्या काळात ही वर्णनं लिहिणाऱ्यांत जॉन हेन्री वॉल्श हे मोठं नाव. ‘स्टोनहेंज’ या टोपणनावाने लिहिणारे हे गृहस्थ ‘द फील्ड’ या साप्ताहिकाचे संपादक, आणि विंबल्डनच्या टेनिसचं घर असलेल्या क्लबच्या संस्थापकांपैकी एक. त्यांनी कुत्र्याचे शंभर गुण पाडले. डोक्याला इतके, छातीला इतके, पायांना इतके. वॉल्श पेशाने शल्यचिकित्सक होते, ही बाब मला फार बोलकी वाटते. शरीर जाणणाऱ्या माणसाने मोजमापाची पट्टी बनवून दिली आणि तो बाजूला झाला. पुढे ती पट्टी ज्यांच्या हाती गेली त्यांनी शरीराकडे बघणं हळूहळू सोडून दिलं. डॉक्टर रिंगणात परत यायला २०१२ उजाडावं लागलं.

पट्टी हाती असताना शरीर बिघडतं कसं, हे समजून घ्यायला कुणाला दुष्ट ठरवण्याची गरज नाही. वर्णनातले शब्द सापेक्ष असतात: आखूड, रुंद, भरदार, खोल. आखूड म्हणजे किती, ते लिहिलेलं नसतं. दहा कुत्री ओळीत उभी असताना वर्णनात ‘आखूड तोंड’ असेल, तर नजर सगळ्यांत आखूड तोंडावर जाऊन थांबते. जिंकलेल्या नराकडे पैदाशीसाठी माद्या येतात, पुढच्या पिढीतली दहा तोंडं जरा आणखी आखूड असतात, आणि त्या दहांतला सगळ्यांत आखूड पुन्हा जिंकतो. दर वेळी परीक्षक प्रामाणिक, दर वेळी निकाल पुस्तकाला धरून, आणि पन्नास वर्षांनी कुत्र्याला नाकाने श्वास घेता येत नाही. बुलडॉगच्या जुन्या वर्णनात तर कवटी जितकी मोठी तितकी चांगली, अशा अर्थाची सूचनाच होती. मग ती मोठी होत गेली यात नवल ते काय? इंग्लंडमध्ये ट्रिंग इथे नॅचरल हिस्टरी म्युझियमची शाखा आहे. तिथे जुन्या काळातली नामवंत कुत्री पेंढा भरून ठेवली आहेत. आजच्या जातभाईंशेजारी ती ठेवली तर काही जातींत फरक असा दिसतो की नावाची पाटी वाचावी लागते. स्पर्धा टोकाकडे ओढते. ज्या स्पर्धेत ‘पुरे’ म्हणणारा कुणी नसतो ती टोकाला पोचतेच.

‘पुरे’ म्हणण्याचं काम परीक्षकाचंच होतं. त्याने ते केलं नाही, कारण तसं करायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि करू धजला असता तर त्याला पुढचं आमंत्रण मिळालं नसतं. ब्रिटनमध्ये परीक्षक हे पेशेवर नसत. आज जज म्हणून उभा राहणारा उद्या स्वतःचा कुत्रा घेऊन त्याच लोकांपुढे येतो. मालक, पैदासकार, परीक्षक ही एकाच मंडळातली माणसं. परीक्षकांचे लेखी अभिप्राय ‘अवर डॉग्ज’सारख्या साप्ताहिकांत छापून येत, आणि मालक त्या अंकाची वाट बघत. त्या अभिप्रायांची एक भाषा होती, थोडी आपल्या लग्नाच्या स्थळांच्या भाषेसारखी. दोष सांगायचाच तर गोडीने. चाल वाईट असेल तर डोक्याचं कौतुक जरा जास्त. अमेरिकेत तर अभिप्राय लिहिण्याची पद्धतच नाही. तासाला साधारण पंचवीस कुत्री उरकायची, वहीत खुणा करायच्या, पुढचा वर्ग बोलवायचा. युरोपात उलट प्रत्येक कुत्र्याला श्रेणी आणि लेखी मत मिळतं, त्यामुळे तिथल्या हरलेल्या मालकाला निदान आपण का हरलो ते कळतं.

या बंद मंडळाला पहिला धक्का शेपटीने दिला. बॉक्सर, डोबरमन, रॉटवायलर, कॉकर स्पॅनिअल या जातींच्या पिल्लांच्या शेपट्या जन्मल्यावर काही दिवसांतच छाटायच्या, ही जुनी रीत. १९९३ पासून ब्रिटनमध्ये ती छाटणी फक्त पशुवैद्याने करायची असं ठरलं, आणि ६ एप्रिल २००७ पासून इंग्लंडमध्ये, काही कामाच्या कुत्र्यांचा अपवाद सोडून, ती बंदच झाली. त्या तारखेनंतर शेपूट छाटलेला कुत्रा तिकीट लावून भरवलेल्या प्रदर्शनात आणता येत नाही. आता गंमत अशी की ज्या जातींना पिढ्यान् पिढ्या शेपूट ठेवलीच नव्हती, त्यांची शेपूट कशी असावी हे कुणालाच सांगता येईना. वर्णनात ते कलम नव्याने घालावं लागलं. तीस-तीस वर्षं बॉक्सर पारखलेले परीक्षक रिंगणात उभे होते आणि त्यांच्यासमोर एक असा अवयव हलत होता ज्याबद्दल त्यांचं काही मतच तयार झालेलं नव्हतं. शेपूट आली की पाठीची रेषा वेगळी दिसते, कुत्रा वळताना तोल वेगळा दिसतो. छाटणी बंद झाली तर जात बुडेल, असं तेव्हा गंभीरपणे सांगितलं जात होतं. जाती बुडाल्या नाहीत. डोळ्यांना सवय झाली, आणि ती बहुतेकांच्या अंदाजापेक्षा लवकर झाली. पुढच्या सगळ्या वादांत हा धडा लक्षात ठेवण्याजोगा आहे.

दुसरा धक्का मोठा होता. १९ ऑगस्ट २००८ रोजी बीबीसीवर ‘पेडिग्री डॉग्ज एक्स्पोज्ड’ हा माहितीपट दाखवला गेला. जेमिमा हॅरिसन यांनी केलेल्या या माहितीपटात मेंदूला कवटी अपुरी पडल्यामुळे वेदनेने तळमळणारे कॅव्हेलिअर किंग चार्ल्स स्पॅनिअल होते, आणि तसा आजार माहीत असूनही रिंगणात आणून पैदाशीला वापरलेले कुत्रेही होते. ज्या बीबीसीने १९५० पासून क्रफ्ट्स घराघरात नेलं होतं, तिनेच २००९ चं प्रक्षेपण नाकारलं. प्राणी-कल्याणाच्या मोठ्या संस्थांनी अंग काढून घेतलं. केनेल क्लबने आधी चिडून आणि मग झटपट पावलं उचलली: सगळ्या जातींची वर्णनं तपासून त्यांत अशी भर घातली की श्वास, चालणं किंवा दिसणं यांना बाधा आणणारा कुठलाही अतिरेक परीक्षकाने मान्य करू नये. आई-मुलगा, बाप-मुलगी, भाऊ-बहीण यांच्या संबंधांतून झालेल्या पिल्लांची नोंदणी बंद झाली. जीवशास्त्रज्ञ पॅट्रिक बेटसन यांच्या स्वतंत्र चौकशीचा अहवाल २०१० च्या जानेवारीत आला. आणि मग २०१२ चा तो टॉर्चवाला पशुवैद्य.

त्या वर्षी मालक आणि परीक्षक ज्या रागाने उठले तो समजण्यासारखा होता. त्यांचा पहिला आक्षेप असा: फक्त पंधराच जाती का, आणि त्यांतलाही फक्त विजेताच का? ओळीत दुसरा, तिसरा, दहावा आलेल्या कुत्र्याचे डोळे याहून वाईट असतील, त्यांना कुणी हात लावला नाही. दुसरा आक्षेप: उपकरणांशिवाय, गर्दी-गोंगाटात, क्षणभर टॉर्च मारून केलेली तपासणी ती काय? जुन्या जखमेची खूणही दोष ठरू शकते. पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. विजेत्यालाच वेचून उभं करणं हा अपमान वाटणारच. पण दुसरा आक्षेप नीट पाहिला तर तो आक्षेप घेणाऱ्यांवरच उलटतो. उपकरणं न देण्यामागचा हेतूच हा होता की डोळ्यांना दिसेल तेवढंच मोजायचं. मग जे पशुवैद्याला दोन मिनिटांत टॉर्चने दिसलं, ते परीक्षकाला त्याआधी भरपूर उजेडात, हात फिरवून का दिसलं नाही? तो आंधळा नव्हता. त्याच्या लेखी खाली लोंबणारी पापणी म्हणजे बॅसेट, घरघर म्हणजे बुलडॉग. दोष हाच जातीचा गुण होऊन बसला होता. सवयीच्या नजरेला जे दिसेनासं होतं ते दाखवायला परका माणूस लागतो. पशुवैद्य कुत्रा जास्त जाणतो असा त्याचा अर्थ नाही. त्याला फक्त त्या मंडळात पुढच्या रविवारी तोंड दाखवायचं नसतं.

त्यानंतर परीक्षकाच्या कामाचा कागद वाढला. ज्या जातींत दिसणाऱ्या व्यंगांची भीती आहे त्यांची ‘ब्रीड वॉच’ नावाची यादी असते आणि शो संपल्यावर परीक्षकाला काय आढळलं ते कळवावं लागतं. परीक्षक होण्यासाठी पूर्वी ओळखी, अनुभव आणि क्लबांची पसंती पुरत असे. आता अभ्यासवर्ग, परीक्षा, नोंदी. जुने लोक याला कारकुनी म्हणतात, आणि काही अंशी ती आहेच. पण या कागदामुळे एक गोष्ट बदलली: मूग गिळून बसणं हीसुद्धा आता एक नोंद होते.

मालकांना मात्र कागदापेक्षा कॅमेरा जास्त बोचतो. पूर्वी रिंगणाबाहेर उभे असणारे लोक त्याच जातीचे दर्दी असायचे. आता समोरच्या प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, आणि बघणाऱ्याला ‘टॉपलाइन’ आणि ‘अँग्युलेशन’ हे शब्द ठाऊक नसतात. त्याला एवढंच कळतं की कुत्रा धड चालत नाही. २०१६ च्या क्रफ्ट्समध्ये जर्मन शेफर्डच्या विजेत्या मादीचं तसंच झालं. पाठ मागे उतरलेली, मागचे पाय जमिनीला टेकल्यासारखे, चालताना अडखळणं. काही सेकंदांची चित्रफीत जगभर फिरली. मालकिणीवर लोक तुटून पडले. केनेल क्लबला चिंता व्यक्त करावी लागली आणि पुढे या जातीच्या परीक्षकांना वेगळं शिकवण्याची व्यवस्था करावी लागली. दर्दी लोकांचं म्हणणं असं की गोंधळलेला कुत्रा नीट चालत नाही, आणि काही सेकंदांवरून जन्मभराच्या मेहनतीचा निकाल लावणं हा अन्याय आहे. एका बाईला अनोळखी हजारो लोकांनी शिव्या देणं हा अन्यायच, यात शंका नाही. पण अडाण्याच्या डोळ्याला इतकं स्वस्तात झिडकारू नये. गाडी ओढणारा बैल लंगडतो आहे हे सांगायला शेतकऱ्याला पशुवैद्यकाची पदवी लागत नाही. दर्दी डोळा बारकावे पाहतो, सामान्य डोळा ढोबळ गोष्ट पाहतो, आणि कधीकधी ढोबळ गोष्टच निसटलेली असते.

यापेक्षा वजनदार आक्षेप वेगळा आहे, आणि तो मला खरंच विचारात पाडतो. रिंगणात येणारी कुत्री एकूण कुत्र्यांच्या तुलनेत मूठभर. २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये केनेल क्लबच्या नोंदणीत फ्रेंच बुलडॉगने लॅब्रडॉरला मागे टाकून पहिला क्रमांक घेतला; तो परीक्षकांमुळे नव्हे, तर प्रसिद्ध लोकांच्या मांडीवरच्या फोटोंमुळे. आपल्याकडे २००३ मध्ये ‘हच’ मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एक पग मुलाच्या मागे धावला, आणि मुंबई-पुण्यात पगची लाट आली. ते पग कुठल्या रिंगणातून आले नव्हते. आपल्या उन्हाळ्यात धापा टाकणारं हे कुत्रं लोक ‘हचवालं’ म्हणून मागू लागले, आणि मागेल त्याला पुरवठा करणारे निघाले. मग सगळा राग त्या मूठभर प्रदर्शनवाल्यांवर का, जे निदान वंशावळ ठेवतात, तपासण्या करतात, पिल्लू कुणाला देतो ते विचारतात? प्रश्न रास्त आहे. पण जे पिल्लू फोटोवरून विकलं जातं त्याचं चपटं तोंड देखणं आहे हे ठरवलं कुणी? पगचं ते रूप पिढ्यान् पिढ्या रिंगणात घडलं; जाहिरातीने ते फक्त उचललं. विक्रेत्यांच्या जाहिरातींतही ‘चॅम्पियन लाइन’ हे दोन शब्द दाम वाढवतातच. म्हणजे रिंगण लहान असलं तरी नमुना तिथूनच निघतो. शिवाय उद्या कुणाला सुधारणा दाखवायची असेल तर ती दाखवायला तीच एक उघडी जागा आहे. मागच्या खोलीत पैदास करणाऱ्याच्या कुत्र्याचे डोळे टॉर्चने कोण पाहणार?

या कोड्यावर सरकारांनी आपापल्या परीने हात घातला आहे. जर्मनीत १ जानेवारी २०२२ पासून पैदाशीतून आलेली त्रासदायक व्यंगं असलेली कुत्री प्रदर्शनात आणायला बंदी आहे. तिथला मालक आता कंगव्याच्या पिशवीबरोबर पशुवैद्यांच्या दाखल्यांची फाइल घेऊन येतो. नेदरलँड्समध्ये चपट्या तोंडाच्या कुत्र्यांची पैदास करायची तर तोंडाची लांबी डोक्याच्या लांबीच्या एक तृतीयांश तरी हवी, असा निकष २०१९ पासून लावला जातो. नॉर्वेत कॅव्हेलिअरची पैदास थांबवण्याचा निकाल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकला. पट्टीने मोजलेला कायदा मला फारसा आवडत नाही. लांब तोंडाचा कुत्राही घरघरू शकतो आणि आखूड तोंडाचा एखादा सुखाने धावतो. पण प्रदर्शनवाल्यांनी स्वतःहून ‘पुरे’ म्हटलं नाही की पट्टी घेऊन दुसरं कुणी येतंच.

या सगळ्यात परीक्षणातली कला मेली, असं हळहळून सांगणारे आहेत. त्यांच्या हळहळीत खरेपणा आहे. चांगल्या परीक्षकाचा हात बघण्यासारखा असतो: टेबलावर उभ्या केलेल्या छोट्या कुत्र्याच्या केसांच्या गुंत्यातून बोटं आत जातात, खांद्याचं हाड शोधतात, बरगड्या कुठवर मागे गेल्या आहेत ते चाचपतात, आणि एवढ्या झुलीखाली कुत्रा बारीक आहे की भरलेला ते त्याला क्षणात कळतं. ही विद्या कुठल्या परीक्षेने येत नाही. पण नव्या जबाबदारीने ती निकामी झाली, हे मला पटत नाही. तिला जास्त काम मिळालं. खांद्याचा कोन शोधणारा हात नाकपुड्या मिटलेल्या आहेत का तेही शोधू शकतो. केंब्रिज विद्यापीठाबरोबर केनेल क्लबने २०१९ मध्ये सुरू केलेली श्वासतपासणी यासाठी पाहण्यासारखी आहे, कारण ती इतकी साधी आहे. पग, बुलडॉग किंवा फ्रेंच बुलडॉगच्या गळ्याला स्टेथोस्कोप लावून श्वास ऐकायचा. मग कुत्र्याला तीन मिनिटं दुडक्या चालीने पळवायचं. पुन्हा ऐकायचं. शून्य ते तीन अशी श्रेणी मिळते. उभ्या कुत्र्यात जे लपून राहतं ते तीन मिनिटांत गळ्यातून बाहेर येतं, आणि घरघर हा जातीचा स्वभाव समजणाऱ्या मालकाला आपला कुत्रा आजवर कशी हवा ओढत होता ते पहिल्यांदाच नीट ऐकू येतं.

आपल्याकडच्या प्रदर्शनांचा साचा ब्रिटिशच आहे: केनेल क्लब ऑफ इंडिया, चॅलेंज सर्टिफिकेटं, हिवाळ्यातला हंगाम, परदेशातून बोलावलेले परीक्षक. त्यामुळे तिकडचे हे प्रश्नही इकडे येणार, जरा उशिराने. पण एक कुत्रा असा आहे ज्याच्याबाबत आपण उशिरा पोचलेलो नाही. सोलापूर-लातूर पट्ट्यात आणि पलीकडे कर्नाटकात शेतकऱ्यांनी सशाच्या शिकारीसाठी सांभाळलेला कारवान. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांमुळे तोच ‘मुधोळ हाउंड’ म्हणूनही ओळखला जातो. लांब केसांचा असला की ‘पश्मी’. २००५ मध्ये तो टपाल तिकिटावर आला, आणि आता तो रिंगणातही येतो. त्याचं शरीर अजून कामाचं आहे: लांब तोंड, खोल छाती, आत ओढलेलं पोट, कमरेची हाडं दिसणारी. शहरातल्या बघ्याला तो उपाशी वाटतो. त्याला जरा भरदार, जरा उंच, जरा रुबाबदार करावं असं वाटायला एखादा पैदासकार पुरेसा आहे, आणि तसा एक कुत्रा ओळीत उभा राहिला की बाकीचे त्याच्याशेजारी किरकोळ दिसू लागतात. त्या वेळी रिंगणाच्या मध्यावर कोण उभं असेल आणि त्याचं बोट कुठे वळेल, यावर पुढची पन्नास वर्षं अवलंबून आहेत.